सिस्टरने पकडलेली चूक कुठे लिहिली जाते?

वॉर्ड_नंबर_सात

औषध चुकीचं दिलं आणि सिस्टर निलंबित, अशी बातमी आली की तिच्याखाली प्रतिसादांचा पाऊस पडतो. तिथे भांडत बसण्यापेक्षा वेगळा धागा काढतेय. मी निवृत्त परिसेविका. आधी सरकारी रुग्णालयात होते, नंतर काही काळ खासगीत. कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही.

मला लिहायचंय ते रुग्णापर्यंत न पोचलेल्या चुकांबद्दल. त्यांची बातमी होत नाही.

डॉक्टर राऊंडवर औषध सांगतात, आरएमओ (वॉर्डचा निवासी डॉक्टर) किंवा इंटर्न ते केसपेपरवर लिहितो, सिस्टर चार्टवर चढवते, नातेवाईक खालच्या मेडिकलमधून आणतो आणि शेवटी सिस्टर ते देते. इतक्या हातांतून जाताना कुठेतरी गडबड होणारच. अमेरिकेत १९९५ साली औषधांच्या चुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी लिहिताना केलेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या वेळेत पकडल्या गेल्या होत्या, आणि पकडलेल्या चुकांपैकी ८६ टक्के नर्सेसनी पकडल्या होत्या. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही. औषध देताना नर्सच्या हातून झालेल्या चुकांपैकी पकडल्या गेल्या फक्त २ टक्के. तिच्यानंतर बघणारं कुणी नसतंच ना. सगळ्यांच्या चुका तिने अडवायच्या आणि तिची अडवायला कुणी नाही, अशी ही जागा आहे.

उदाहरण देते. केसीएलची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची, दहा मिलीची अँप्यूल घ्या. त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाईनमध्ये मिसळून तासन्‌तास हळूहळू दिलं तर ते औषध, सिरिंजने थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. आणि कित्येक कंपन्यांची ही अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखीच दिसते. मी माझ्या वॉर्डात केसीएल ट्रॉलीवर ठेवूच देत नसे. वेगळं कपाट, त्यावर लाल पट्टी, किल्ली ड्यूटीच्या सीनिअरकडे. रात्रपाळीच्या मुली कुरकुरायच्या, किल्ली शोधण्यात वेळ जातो म्हणून. वेळ जावा हाच तर उद्देश होता.

दुसरं इन्सुलिन. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीची व्हायल असते आणि १०० ची पण. चाळीसची सिरिंज लाल टोपणाची, शंभरची केशरी. शंभरचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर रुग्णाला २० नाही, ५० युनिट जातात. शिवाय घाईत लिहिलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो, म्हणजे ६ यू चे ६० होतात. ६० वाचल्यावर 'कालपर्यंत याला सहा होतं, आज साठ कसं?' असं जिच्या मनात येतं ती सिस्टर.

आता ती हे सांगते कसं ते ऐका. 'सर, तुमचं चुकलंय' असं म्हणणारी मी तरी क्वचित पाहिली. आमची भाषा ठरलेली असते: 'सर, पोटॅशियम पाच पॉइंट आठ आलंय, तरी केसीएल चालूच ठेवायचं ना?' म्हणजे रक्तात आधीच जास्त आहे. सर रिपोर्ट बघतात, 'बंद करा' म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. केसपेपरवर 'केसीएल बंद' एवढंच येतं. ते का बंद झालं, कुणामुळे झालं, याची नोंद नाही. एकाच वॉर्डात हीच चूक पुन्हापुन्हा पकडली जात असेल तरी वरच्यांना पत्ता नसतो, कारण त्यांच्या लेखी काही घडलेलंच नाही.

तर इथे नर्सेस, डॉक्टर, नातेवाईक जे कुणी असाल त्यांनी लिहा. रुग्णालयांची आणि माणसांची नावं नकोत.

गोदाकाठ

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्या आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू केलं होतं. डिस्चार्ज कार्डावर इतर पाच गोळ्यांबरोबर तेही 'रोज एक' असं छापून आलं. कॉम्प्युटरवर आधीच्या ओळीची कॉपी झाली असावी. गोळ्या समजावून सांगणाऱ्या सिस्टरने कार्ड माझ्या हातातून परत घेतलं, म्हणाली, 'थांबा, ही आठवड्यातून एकदाच असते, मी विचारून येते.' आली ती नवीन कार्ड घेऊन, त्यावर पेनने ठळक 'फक्त रविवारी'. तेव्हा मला वाटलं, काय किरकोळ गोष्टीसाठी अर्धा तास थांबवलं. नंतर वाचलं की हे औषध रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं थांबवते, माणूस जातोही.

वॉर्ड_नंबर_सात

गोदाकाठ, अगदी हेच. आणि वार पूर्ण लिहायचा. नुसतं 'आठवड्यातून एकदा' लिहिलं तर घरी गोंधळ होतो.

भूल_आणि_चूक

भूलतज्ज्ञ आहे. आयडी मुद्दाम घेतलाय, हसू नका.

शस्त्रक्रियागृहातलं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची सर्जिकल चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी, असे तीन थांबे. नाव, शस्त्रक्रिया, बाजू, अँटिबायोटिक दिलं का, शेवटी मॉप आणि अवजारं मोजली का. आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ वर आलं. बहुतेक ठिकाणी ती मोठ्याने वाचायचं काम सर्क्युलेटिंग नर्सकडे असतं. सर्जन हात धुऊन उभा, घड्याळाकडे बघतोय, आणि बावीस-तेवीस वर्षांची मुलगी म्हणते, 'सर, टाइम आऊट.' याला धैर्य लागतं. काही ठिकाणी हे सगळे चौकोन शस्त्रक्रिया संपल्यावर एकदम टिक होतात हेही खरं.

आमच्या शाखेत प्रत्येकाला शिकवली जाणारी एक घटना आहे. इंग्लंड, २००५. इलेन ब्रोमिली नावाची तरुण आई, सायनसची साधी ठरवून केलेली शस्त्रक्रिया. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालायचा प्रयत्न करतच राहिले. एका नर्सने ट्रेकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडायचा, सेट आणून ठेवला. दुसरीने आयसीयूत खाट सांगून ठेवली, पण डॉक्टरांच्या नजरेवरून तिला वाटलं आपण उगाच आकांडतांडव करतोय, आणि तिने ती रद्द केली. इलेन वाचली नाही. तिचा नवरा वैमानिक होता. त्याने कुणाला तुरुंगात घाला असं म्हटलं नाही. विमानात कनिष्ठ माणूस कॅप्टनला थांबवू शकतो, तसं शिक्षण इथे का नाही, हा प्रश्न त्याने लावून धरला. काय करायला हवं ते त्या खोलीतल्या नर्सेसना कळत होतं. ते डॉक्टरांच्या कानावर पडेल अशा रीतीने म्हणायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मीनाक्षी_१२

अंगावर काटा आला.

स्पष्टवक्ता_पुणे

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. वडील आयसीयूतून वॉर्डात आले, चार दिवस मी तिथे बसून होतो. दर चार तासांनी बीपी १३०/८० लिहिलेलं, आणि मशीन खाटेजवळ आलेलं मी एकदाही पाहिलं नाही. विचारलं तर 'काका, मघाशीच घेतलं, तुम्ही चहाला गेला होतात.' मी चहा पीत नाही. चुका पकडणाऱ्या सिस्टर असतील, पण आकडे घरून आणणाऱ्याही आहेत.

वॉर्ड_नंबर_सात

आहेत. नाकारत नाही. आणि हे गंभीर आहे, कारण रुग्ण ढासळतोय हे आधी त्या आकड्यांतच दिसतं. नाडी वाढत जाते, श्वास वाढतो, लघवी कमी होते, मग बीपी पडतं. खोटा १३०/८० लिहिला की पुढच्या पाळीचीही फसवणूक होते.

पण त्या वॉर्डात रात्री किती जणी होत्या हे पाहिलंत का? इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या वॉर्डसाठी शिकवणाऱ्या रुग्णालयांत तीन खाटांमागे एक आणि इतर ठिकाणी पाचांमागे एक असा आहे. प्रत्यक्षात रात्री तीस-चाळीस रुग्णांना दोघी, त्यातली एक विद्यार्थिनी, हे मी सरकारीत कायम पाहिलंय. पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा २००२ सालचा अभ्यास सांगतो की एका नर्सकडे एक जादा रुग्ण आला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तिथे चार रुग्ण की आठ, हा वाद होता. आपल्याकडचं गणित तुम्हीच करा. शंका यायलासुद्धा मिनिटभर थांबावं लागतं हो.

स्पष्टवक्ता_पुणे

संख्येचा मुद्दा मान्य. पण मोजलं नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. खोटं का लिहावं?

वॉर्ड_नंबर_सात

रिकामा ठेवला तर मेमो येतो, खोट्या आकड्याला येत नाही. मी इन्चार्ज असताना मुलींना सांगितलं होतं, नाही जमलं तर 'घेतलं नाही' लिहा, मेमो आला तर मी बघते. हे वरच्यांना फारसं आवडलं नव्हतं.

औषधवाला

केमिस्ट आहे. दोन पैसे माझेही.

निम्मी भानगड नावांची. डोपामाइन आणि डोब्युटामाइन आयसीयूत शेजारीशेजारी असतात. ब्रँडची नावं तर विचारू नका. मलेरियाच्या फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या दोन नावांवरून खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००१ चा निकाल आहे. न्यायालय म्हणालं की औषधांच्या बाबतीत नावसाधर्म्य जास्त कडक कसोटीवर तपासलं पाहिजे, कारण इथे गोंधळ झाला तर जिवाशी गाठ. निकाल येऊन इतकी वर्षं झाली, माझ्या फडताळात अजून जुळी भावंडं बसलेली आहेत. अक्षराबद्दलही तेच. औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये सांगितलं. काही डॉक्टर लिहितात, त्यांना नमस्कार.

वॉर्डातून सिस्टरचा फोन येतो, 'दादा, आत्ता पाठवलंत ते हेच का? आमच्याकडे नाव वेगळं दिसतंय.' दुकानात गर्दी असली की वैताग येतो. पण फोन करणारी सिस्टर मला परवडते.

लीड्स_मुक्कामी

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) मिरजेतून केलं, आता इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, वॉर्डवर आहे. इथे टळलेली चूकही डेटिक्स नावाच्या प्रणालीत नोंदवायची असते, आणि कुणीही नोंदवू शकतं. शिरेतून द्यायची बरीचशी औषधं दोघी मिळून तपासतात. आमच्याकडे पद्धत अशी की दुसरीने स्वतंत्र हिशेब करायचा, पहिलीचा आकडा ऐकून मान डोलवायची नाही. फोनवर सांगितलेला डोस परत वाचून दाखवायचा. कन्सल्टंटला पहिल्या नावाने हाक मारतात. सुरुवातीला माझी जीभ रेटत नव्हती, सारखं 'सर' यायचं.

स्वर्ग आहे असं समजू नका. फॉर्म भरभरून हात दुखतात आणि बरेचदा पुढे काय झालं ते कळतच नाही. नर्सेस कमी आहेतच. पण मी 'हा डोस मला पटत नाही, मी देणार नाही' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी बदलत नाही.

मानसी_वाचते

मानसशास्त्र शिकवते, म्हणून हे आठवलं. १९६६ मध्ये एक प्रयोग झाला होता. अनोळखी 'डॉक्टर' वॉर्डात फोन करून नर्सला एका औषधाचे २० मिलिग्रॅम द्यायला सांगायचा. डबीवर छापलेलं, कमाल डोस १० मिलिग्रॅम. २२ पैकी २१ नर्सेस द्यायला निघाल्या. (औषध खोटं होतं, खाटेपर्यंत पोचण्याआधी थांबवलं.) हे सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं आणि विद्यार्थी 'बघा, नर्सेस किती आज्ञाधारक' म्हणतात. १९७७ साली तसाच प्रयोग पुन्हा झाला, पण यावेळी औषध ओळखीचं होतं आणि नर्सेसना सहकाऱ्यांशी बोलायची मुभा होती. १८ पैकी फक्त दोघी तयार झाल्या.

वॉर्ड_नंबर_सात

मानसी, हा दुसरा प्रयोग मला माहीत नव्हता. पण पटला. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला 'अगं, एवढा डोस कधी पाहिलायस का?' विचारता येणं, यावरच आमचं निम्मं काम चालतं. म्हणून एकटीच्या रात्रपाळीची मला धास्ती वाटायची. खासगी नर्सिंग होममध्ये पुष्कळ ठिकाणी तसंच असतं, एक सिस्टर, एक मावशी आणि झोपलेले आरएमओ.

कोर्टाची_पायरी

वकिलीचा धंदा, म्हणून कायद्याचं. नर्सेसनी हे जरूर वाचा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय उपचार करताना घडलं तर मात्र दोन वर्षांपर्यंत. आता हा व्यावसायिक कोण, तर ज्याची पदवी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ खाली मान्य आहे आणि ज्याचं नाव राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. नर्सेसची नोंदणी नर्सिंग कौन्सिलकडे असते. म्हणजे शब्दशः वाचलं तर त्या या सवलतीत बसत नाहीत. एकाच रुग्णाच्या एकाच मृत्यूत डोस चुकीचा लिहिणाऱ्याला दोन वर्षांची मर्यादा आणि तो देणारीला पाच. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये सगळ्यांना सारखी दोन वर्षं होती.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात म्हटलं की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा हवा, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. पण तो निकाल डॉक्टरांच्या संदर्भात आहे, आणि ठाण्यात पहिल्या रात्री कोण कुठला निकाल वाचतो?

भूल_आणि_चूक

हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या संघटना दोन वर्षंसुद्धा नकोत म्हणून भांडल्या. नर्सेसचा विषय कुणी काढलेला मला आठवत नाही.

रोखठोक_रवी

माफ करा, पण माणूस मेला तर शिक्षा नको? अमेरिकेत त्या नर्सला दोषी ठरवलंच ना कोर्टाने.

लीड्स_मुक्कामी

रॅडोंडा वॉट म्हणताय तुम्ही. डिसेंबर २०१७, टेनेसी. स्कॅनआधी रुग्णाला शांत करायला मिडॅझोलामचा ब्रँड 'व्हर्सेड' द्यायचा होता. तिने औषधाच्या कपाटाच्या यंत्रावर पहिली दोन अक्षरं टाइप केली, यंत्रात औषध मूळ नावाने होतं म्हणून सापडलं नाही. तिने सुरक्षेची पायरी ओलांडायचं बटण दाबून पुन्हा शोधलं आणि त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारं व्हेक्युरोनियम बाहेर आलं. ते स्नायू लुळे करतं, श्वास थांबतो. मार्च २०२२ मध्ये ती दोषी ठरली, मे मध्ये तीन वर्षांची प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेख) झाली.

तिचं चुकलंच, एकदा नाही, अनेक पायऱ्यांवर चुकलं. व्हेक्युरोनियम पावडर असते, पाणी घालून विरघळवावी लागते. व्हर्सेड द्रवच असतं. झाकणावर इशारा छापलेला होता. पण तिने चूक लपवली नाही, कळल्याबरोबर स्वतः सांगितली. निकालानंतर आमच्या वॉर्डातसुद्धा मुली एकमेकींना विचारत होत्या, यापुढे सांगायचं की नाही.

वॉर्ड_नंबर_सात

रवी, शिक्षा नको असं मी म्हणत नाही. दारू पिऊन ड्यूटीवर आली, मुद्दाम चार्ट बदलला, तर जरूर करा. पण प्रामाणिक चुकीला आणि त्याला एकच माप लावलंत तर पुढची चूक तुम्हाला कळणारच नाही. लपवणं फार सोपं असतं. रिकामी अँप्यूल डब्यात टाकली की संपलं.

कोकणकन्या_घरीच

अवांतर होईल, पण नातेवाईकांनी काय करावं? सारखं विचारलं की सिस्टर चिडतात.

वॉर्ड_नंबर_सात

अवांतर नाही. विचाराच. 'हे कशाचं इंजेक्शन?' एवढं पुरे, आणि ते देण्याआधी विचारा. औषधांची अ‍ॅलर्जी प्रत्येक पाळीला नव्याने सांगा, केसपेपरवर लिहिलंय म्हणून गप्प राहू नका. पेनिसिलीन चालत नाही हे सांगितलेल्या माणसाला दुसऱ्याच ब्रँडच्या नावाखाली अ‍ॅमॉक्सिसिलीन, म्हणजे पेनिसिलीनच्याच गटातलं औषध, लिहून आलेलं मी अनेकदा परत पाठवलंय. रक्त चढवणार असतील तर पिशवीवरचं नाव, नंबर आणि गट दोघांनी मिळून ताडून बघायचा असतो, आणि पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळ कुणीतरी हवं. थंडी वाजली, कंबर दुखली, काहीही झालं तर लगेच हाक मारा. लहान मूल असेल तर त्याचं आजचं वजन सांगा. पॅरासिटामॉलचे थेंब १०० मिलिग्रॅम प्रति मिली असतात आणि सिरप ५ मिलीत १२५ किंवा २५०, त्यामुळे 'तीन मिली द्या' या वाक्याला कुठली बाटली ते कळल्याशिवाय अर्थ नाही.

आणि एक करू नका. सिस्टर ट्रॉलीवर औषध भरत असताना बेडपॅन, पंखा, डिस्चार्ज कधी, हे विचारायला जाऊ नका. बहुतेक वेळा मोजणी तिथेच तुटते.

स्पष्टवक्ता_पुणे

हे शेवटचं मी केलेलं आहे. पुढच्या वेळी नाही करणार.

गोदाकाठ

ताई, मूळ प्रश्नावर येते. त्या मेथोट्रेक्सेटवाल्या सिस्टरचं कौतुक कुठे लिहायचं? डिस्चार्जच्या वेळी फीडबॅक फॉर्म होता, त्यात जेवण, स्वच्छता, पार्किंग, 'नर्सिंग स्टाफची वागणूक' असं सगळं. मी पाचपैकी पाच दिले. त्यातून कुणाला काय कळलं असेल?

वॉर्ड_नंबर_सात

काही नाही. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचं. तारीख, वॉर्ड, सिस्टरचं नाव, आणि 'डिस्चार्ज कार्डावर अमुक गोळी रोज लिहिली होती, यांनी दुरुस्त करून आणली' एवढं एक वाक्य. ते मेट्रनच्या नावे द्यायचं आणि पोच घ्यायची. स्वभाव गोड आहे वगैरे लिहू नका, त्याने फायलीत काही जमा होत नाही.

गोदाकाठ

आणि त्याने डॉक्टरांवर काही आलं तर? ते चांगले होते हो. सिस्टरवरच राग निघायचा.

वॉर्ड_नंबर_सात

ही भीती खरी आहे. म्हणून आधी त्या सिस्टरला विचारा, लिहू का. नको म्हणाली तर लिहू नका.